पुठ्ठा, पाठ आणि पहिली आवृत्ती

आजोबांच्या कपाटात एक जाडजूड ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ होतं. तपकिरी कातड्याची बांधणी, वरच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या मिशन शाळेचं सोनेरी बोधचिन्ह, पुठ्ठा उघडला की आत ढगांसारख्या नक्षीचा अबरी कागद. त्या कागदावर एक छापील चिठ्ठी डकवलेली होती. इंग्रजी विषयात पहिला आल्याबद्दल बक्षीस, असा मजकूर आणि खाली हेडमास्तरांच्या हातचं आजोबांचं नाव. आजोबा गेल्यावर ते पुस्तक माझ्याकडे आलं. पाठ सुटली होती, दोन-तीन फर्मे हलत होते. ‘नीट करून घेऊ’ म्हणून मी ते गावातल्या एका बाइंडरकडे दिलं. आठ दिवसांनी पुस्तक परत आलं ते लाल रेक्झिनमध्ये, तिन्ही कडा मशीनवर सरळ कापलेल्या, आत पांढरा स्वच्छ कागद. मी पैसे दिले, वर आभारही मानले. जुना पुठ्ठा कुठे गेला, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

बाइंडरची चूक नव्हती. ‘मजबूत करा’ एवढंच मी सांगितलं होतं, आणि त्याने ते मजबूत केलं. चूक माझी होती, कारण पुस्तकाचा कुठला भाग ‘पुस्तक’ असतो हेच मला ठाऊक नव्हतं. पुढे जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या सुंदर बांधणीच्या, दुर्मिळ आवृत्त्या जमवणाऱ्या लोकांबद्दल वाचायला लागलो, तेव्हा कळलं की या छंदातला सगळ्यात मोठा वादही हाच आहे. पुस्तक देखणं करायचं, की जसं जन्मलं तसं ठेवायचं? त्या वादाची ही थोडी ओळख.

साडी आणि फॉल-पिको

आज आपण पुस्तक घेतो ते पुठ्ठ्यासकट तयार घेतो. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये तसं नव्हतं. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ जानेवारी १८१३ मध्ये टॉमस एगर्टन या प्रकाशकाने काढली. तीन खंड, किंमत १८ शिलिंग. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नव्हतं, फक्त ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या लेखिकेकडून, एवढंच. दुकानात ही पुस्तकं मिळायची ती साध्या कागदी पुठ्ठ्यात, कडा न कापलेल्या. हा पुठ्ठा तात्पुरताच समजला जायचा. ऐपतदार गिऱ्हाईक ते खंड आपल्या नेहमीच्या बाइंडरकडे पाठवायचं आणि घरच्या इतर पुस्तकांना जुळेल अशा कातड्यात बांधून घ्यायचं.

आपल्याकडे साडी विकत घेतली की फॉल-पिकोला टाकतात, तसंच हे. साडी दुकानाची, पण पिको प्रत्येकीचा वेगळा. म्हणून ऑस्टिनच्या पहिल्या आवृत्तीवरचं सुंदर कातडं पाहून ‘ही प्रकाशकाची मूळ बांधणी’ असं म्हणता येत नाही. ती त्या मालकाची निवड असते. आणि गंमत अशी की जो कागदी पुठ्ठा फेकून द्यायचाच म्हणून केला होता, तो टिकलेली प्रत आज सर्वांत दुर्मिळ. कारण तो जवळजवळ सगळ्यांनी खरोखरच फेकून दिला.

१८२० नंतरच्या दशकात प्रकाशकांनीच पुस्तकं कापडी बांधणीत द्यायला सुरुवात केली. सगळ्या प्रती सारख्या दिसू लागल्या. कापडावर ठसे आले, सोनेरी नक्षी आली. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी आली, तेव्हा तिचं रूप कसं असावं हे डिकन्सने स्वतः ठरवलं होतं. तपकिरी-लालसर कापड, सोनेरी नक्षी, सोनेरी कडा, जॉन लीचची चार हाताने रंगवलेली चित्रं. किंमत मात्र पाचच शिलिंग. नाताळच्या आत सहा हजार प्रती संपल्या, पण खर्च इतका झाला होता की हजार पौंडांची आशा धरलेल्या डिकन्सच्या हाती त्या सहा हजार प्रतींतून २३० पौंडच लागले. नाताळच्या दिवसांत आपण ही गोष्ट वाचतो, तिच्यावर नाटुकली बसवतो. पुस्तक सुंदर असावं या हट्टापायी तिच्या लेखकाने आपलाच नफा घालवला होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

हप्त्यांतली कादंबरी

त्या काळच्या इंग्रजी कादंबऱ्या दोन मुख्य रूपांत यायच्या.

पहिलं रूप तीन खंडांचं. वॉल्टर स्कॉटच्या ‘केनिलवर्थ’पासून, म्हणजे १८२१ पासून, तीन खंडांची किंमत साडेएकतीस शिलिंग ठरून गेली. सामान्य माणसाला ती झेपणारी नव्हतीच. म्हणून लोक वर्गणी भरून फिरत्या ग्रंथालयातून एकेक खंड आणायचे. चार्ल्स मूडीचं ग्रंथालय त्यांत सर्वांत मोठं. वर्षाला एक गिनी भरा आणि एका वेळी एक खंड न्या. १८९४ मध्ये मोठ्या ग्रंथालयांनीच या पद्धतीला नकार दिला आणि तीन खंडांची कादंबरी बघता बघता संपली. ग्रंथालयातल्या प्रती हजारो हातांतून गेल्या, झिजल्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या डकवल्या गेल्या. तीनही खंड मूळ कापडात, स्वच्छ आणि एकाच जोडीचे मिळणं आज अवघड आहे ते यामुळे.

दुसरं रूप मासिक हप्त्यांचं. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये हिरवट कागदी वेष्टनांत दरमहा एक शिलिंगला येत होती. वीस अंक, पण शेवटचे दोन एकत्र, म्हणून प्रत्यक्षात एकोणीस. पहिल्या अंकाच्या हजार प्रती छापल्या होत्या. शेवटी शेवटी खप चाळीस हजारांवर गेला. वाचक सगळे हप्ते जमवायचे आणि बाइंडरकडे न्यायचे. बाइंडर वेष्टनं काढायचा, जाहिरातींची पानं काढायचा आणि उरलेली पानं वासराच्या कातड्यात छान बांधून द्यायचा. पण हप्त्यांना एकत्र ठेवण्यासाठी आतल्या बाजूने सुईने जी भोकं पाडलेली असायची, ती तशीच राहायची. आज जाणकार पुस्तक उघडून आतल्या समासात ती बारीक भोकं शोधतो. दिसली, की प्रत हप्त्यांमधून बांधलेली आहे हे कळतं. पुस्तक आपला जन्मदाखला असा शिवणीत लपवून ठेवतं.

कातड्याची भाषा

सुंदर बांधणी जमवणाऱ्यांचे काही शब्द माहीत असले की पुढचं सोपं जातं.

‘मोरोक्को’ म्हणजे बकऱ्याचं कातडं. टिकाऊ, दाणेदार, रंग छान घेणारं. ‘काफ’ म्हणजे वासराचं. गुळगुळीत, देखणं, पण लवकर ओरखडे पडणारं. मेंढीचं कातडं स्वस्त आणि कमी टिकाऊ. पूर्ण पुस्तक कातड्यात असलं की पूर्ण बांधणी. पाठ आणि चारही कोपरे कातड्यात, उरलेलं कापड किंवा अबरी, ती अर्धी. फक्त पाठ कातड्यात, ती पाव. पाठीवर ज्या आडव्या फुगीर पट्ट्या दिसतात त्या मुळात शोभेच्या नव्हेत. फर्मे ज्या दोऱ्यांवर शिवले जातात त्या दोऱ्याच कातड्याखालून उठून दिसतात. पुढे मात्र पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून खोट्या पट्ट्याही करू लागले. सोनेरी काम म्हणजे रंग नव्हे. तापवलेल्या पितळी ठशाने सोन्याचा वर्ख कातड्यात दाबायचा. हात जरा जास्त वेळ टेकला तर कातडं करपतं, कमी टेकला तर वर्ख धरत नाही.

अबरी कागद तर आपल्या ओळखीचा. ‘अब्र’ म्हणजे फारसीत ढग. पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उचलायची ही कला पूर्वेकडून युरोपात गेली, आणि सतराव्या शतकात आपल्या शेजारच्या विजापुरात तिच्यातून चित्रंसुद्धा काढली गेली. विलायती कादंबरीचा पुठ्ठा उघडल्यावर आत दख्खनच्या ओळखीचं काही दिसतं ते असं.

या कामात काही लंडनच्या आणि बाथच्या पेढ्यांची नावं झाली. जोझेफ झेन्सडॉर्फ याने १८४२ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली पेढी, रॉबर्ट रिव्हिएरची पेढी, १९०१ मध्ये सुरू झालेली सँगोर्स्की अँड सटक्लिफ, आणि बाथची बेंटन. बेंटनने १९३९ मध्ये रिव्हिएर विकत घेतली. यांच्या बांधणीत पुढच्या पुठ्ठ्याच्या आत, खालच्या काठाशी अगदी बारीक अक्षरांत पेढीचं नाव ठशाने उमटवलेलं असतं. ते सापडलं की बांधणी कुणाची हा प्रश्न बहुधा सुटतो. सदरन या पुस्तकविक्रेत्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘कॉसवे’ बांधणी आणली. पुठ्ठ्यातच काचेखाली हस्तिदंतावर रंगवलेलं छोटं व्यक्तिचित्र बसवायचं. ऑस्टिन, डिकन्स, ब्राँटे यांची पुस्तकं अशी नटवली गेली.

नटवलेलं की जपलेलं?

आता मूळ वादाकडे येऊ. समजा ‘पिकविक’चे दोन संच समोर आहेत. एक, रिव्हिएरने लाल मोरोक्कोत बांधलेला, झळझळीत. दुसरा, एकोणीस फाटके-मळके हप्ते, हिरवी वेष्टनं, दर अंकात त्या काळच्या जाहिराती. घरात मांडायला पहिला शोभतो. पण संग्राहक आणि अभ्यासक बहुधा दुसऱ्याकडे वळतात, आणि बाजारभावही सहसा तिकडेच झुकतो. कारण १८३६ चा वाचक शिलिंग मोजून जे हातात घेत होता ते हेच. जाहिरातींतून कळतं की तो वाचक कोण होता, त्याला काय विकायचा प्रयत्न चालला होता.

बांधताना जातं काय, याची यादीच केलेली बरी. वेष्टनं जातात. जाहिराती जातात. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला फक्त नाव छापलेलं एक पान असतं, त्याला अर्धशीर्षक म्हणू. बाइंडर ते निरुपयोगी म्हणून काढून टाकत. आज ‘अर्धशीर्षकांसह’ हा शब्द विक्रेत्याच्या यादीत अभिमानाने छापला जातो. कडा कापल्या की समास जातो, समासातल्या टिपा जातात. इथे एक बारकावा आहे. ‘न कापलेलं’ म्हणजे ज्याच्या कडा मशीनवर समान केलेल्या नाहीत असं. ‘न उघडलेलं’ म्हणजे ज्याच्या दुमडलेल्या पानांच्या कडा कागदकापणीनेही फाडलेल्या नाहीत असं, म्हणजे जे कुणी वाचलेलंच नाही! दोन्हींत पुष्कळ गोंधळ होतो.

विसाव्या शतकात याच गोष्टीने वेगळं रूप घेतलं. कापडी पुस्तकावर कागदी वेष्टन असायचं. ते धुळीपासून बचावासाठी होतं, म्हणून लोकांनी तेही फेकलं. टोल्किनच्या ‘द हॉबिट’ची पहिली आवृत्ती सप्टेंबर १९३७ मध्ये फक्त १५०० प्रतींची निघाली. वेष्टनावरचं डोंगरांचं चित्र टोल्किनने स्वतः काढलं होतं. वेष्टनाच्या मागच्या घडीवर ‘ॲलिस’च्या लेखकाचं, डॉजसनचं, आडनाव चुकीच्या स्पेलिंगने छापलं गेलं आणि ते जादा अक्षर हाताने खोडलं गेलं. त्या वेष्टनासह असलेली प्रत आणि कातड्यात नव्याने बांधलेली प्रत यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मग कातडी बांधणी जमवणारे चुकतात का? नाही. बांधणी ही स्वतःच एक कला आहे, आणि चांगल्या कारागिराचं काम त्यासाठीच जमवणं योग्यच. शिवाय कितीतरी प्रती त्या बांधणीमुळेच टिकल्या. फक्त आपण काय जमवतो आहोत हे स्वतःला स्पष्ट असावं: मजकूर, कारागिरी, की त्या पुस्तकाचा इतिहास.

पहिली म्हणजे कितवी?

‘पहिली आवृत्ती’ हे शब्द ऐकले की आपण भुलतो. पण एकाच आवृत्तीत छपाई चालू असताना बदल होत असत. ‘कॅरल’च्या आरंभीच्या प्रतींत आतल्या अस्तराचा कागद हिरवा होता. तो रंग हाताला लागून निघायचा, म्हणून पिवळा आणला. मुखपृष्ठाचे रंग बदलले. पहिल्या प्रकरणाचा क्रमांक काही प्रतींत रोमन आकड्यात, तर काहींत अक्षरी. यांतलं कुठलं आधी यावर जाणकारांनी वर्षानुवर्षं वाद घातले. शार्लट ब्राँटेची ‘जेन आयर’ १८४७ मध्ये आली, तेव्हा मुखपृष्ठावर ‘संपादक करर बेल’ असं होतं. थॅकरेला केलेली अर्पणपत्रिका दुसऱ्या आवृत्तीत आली. तेव्हा अर्पणपत्रिका असलेली ‘पहिली’ आवृत्ती कुणी दाखवली तर हात जोडावेत.

फसवणूकही होते, आणि ती मोठ्या माणसांकडून होते. टॉमस जेम्स वाइज हा इंग्लंडमधला नामांकित ग्रंथसूचीकार. एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांच्या कितीतरी ‘दुर्मिळ’ पुस्तिका त्याच्यामार्फत बाजारात आल्या. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहॅम पोलार्ड या दोन तरुण विक्रेत्यांनी त्यांचा कागद तपासला. १८४७ साल छापलेल्या एका पुस्तिकेत लाकडाच्या रासायनिक लगद्याचा कागद निघाला, आणि तसा कागद इंग्लंडमध्ये १८७४ च्या आधी वापरात नव्हता. सगळं बिंग फुटलं. मुखपृष्ठावरचं साल खोटं सांगू शकतं, पण कागदाला ते जमत नाही.

आपल्या कपाटांत काय आहे?

हे सगळं विलायतेचं झालं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. आहे संबंध. मॅकमिलनने १८८६ पासून खास हिंदुस्थान आणि इतर वसाहतींसाठी ‘कलोनियल लायब्ररी’ ही माला काढली. ही पुस्तकं इंग्लंडमध्ये विकायचीच नव्हती. तिकडच्या संग्राहकाला ती तिकडे सहज सापडत नाहीत. सापडली तर इकडच्याच जुन्या कपाटांत सापडतील. किपलिंगच्या सुरुवातीच्या कथा १८८८ मध्ये अलाहाबादहून ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’त रुपयाला एक अशा पातळ पुस्तकांतून निघाल्या, रेल्वे स्टेशनवर विकायला. आणि रेनॉल्ड्स! ज्याच्या कादंबऱ्या लंडनमध्ये पेनीच्या साप्ताहिक हप्त्यांत निघत आणि ज्याचा ठसा हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’वर सांगितला जातो, त्याच्या जुन्या प्रती आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचून वाचून खिळखिळ्या केल्या. त्यांतल्या किती रद्दीत गेल्या, देव जाणे.

आणि बक्षिसाची पुस्तकं. मिशन शाळा-कॉलेजांनी वाटलेली, बोधचिन्ह उमटवलेली. बाजारात त्यांना मोठी किंमत नाही. कादंबरी बहुधा स्वस्त पुनर्मुद्रणाची असते. पण या भागात इंग्रजी कुणी, कुठे, कधी शिकलं याचा पुरावा त्या चिठ्ठ्यांवर आहे. दुसरीकडे तो क्वचितच मिळेल.

याउलट, आज जी नवी कातडी किंवा कातड्यासारखी, सोनेरी कडांची ‘क्लासिक’ मालिका मिळते, ती सुंदर असते, भेट द्यायला उत्तम, पण सुंदर म्हणजे दुर्मिळ नव्हे. वाचायला घ्या. गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

हात लावण्याआधी

आमच्याकडच्या पावसाळ्यात पुस्तकाचे शत्रू तीन: बुरशी, कसर आणि उत्साही मालक. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, पुस्तकं दाबून भरू नका, पाऊस थांबलेल्या कोरड्या दिवशी कपाट उघडं ठेवा. ऊन दाखवू नका, रंग उडतो. पुस्तक पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, दोन्ही बाजूंनी धरून काढा. कातडं लालसर भुकटी होऊन हाताला लागत असेल तर ते आजारी आहे. त्याला तेल, पॉलिश काही लावू नका. पूर्वी तसं सांगत, आता जतन करणारे तज्ज्ञ टाळा म्हणतात. स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवा. सेलोटेप तर कधीच नको.

आणि बाइंडरकडे द्यायचंच असेल तर चार वाक्यं बोलून द्या: कडा कापू नका. एकही पान काढू नका. जुना पुठ्ठा आणि पाठ जमेल तर परत लावा, नाही तर माझ्याकडे द्या. आतल्या चिठ्ठ्या, सह्या, शिक्के जिथे आहेत तिथेच राहू द्या.

हे आत्ता लिहायचं कारण असं की आपल्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं बाद करण्याची यादी होते आहे. जागा कमी आहे, ते खरंच आहे. सगळं ठेवता येणार नाही. पण रद्दीच्या ढिगात टाकण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पहिली चार पानं कुणीतरी उघडून पाहावीत, एवढीच विनंती. मंडळाचे आठ-दहा जण बसलो तर दोन शनिवारांचं काम आहे. मी येणार आहे.

आजोबांचं ‘कॉपरफिल्ड’ अजून माझ्याकडे आहे. बक्षिसाची चिठ्ठी गेली ती गेली. पण परवा पानं चाळताना दिसलं की शाळकरी वयात त्यांनी अडलेल्या इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ समासात पेन्सिलीने लिहिले होते. कडा कापताना पुष्कळ शब्द अर्धे गेले आहेत. उरलेल्या अक्षरांवरून ते ओळखत बसतो. काही लागतात, काही लागत नाहीत.